एचआयव्ही असताना आई होणे : बाळाचा विचार मनात आल्यापासून त्याच्या शेवटच्या तपासणीपर्यंत

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरचे औषध देणाऱ्या सरकारी केंद्रात, महिन्याच्या गोळ्यांची बाटली घ्यायला आलेली बाई कधीकधी समुपदेशकाच्या टेबलापाशी उगाच रेंगाळते. बाकीचे निघून गेले की पिशवीची गाठ सोडत-बांधत हळूच विचारते, "ताई, आम्हांला मूल झालं तर चालेल का?" समुपदेशनाच्या कामात असताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की पिशवीची गाठ दिसली की पुढचे वाक्य कळायचे. उत्तर "चालेल" असेच आहे. मात्र त्यासाठी काही गोष्टी ठरलेल्या वेळी व्हाव्या लागतात, आणि त्या कोणत्या हे तिला कोणी सलग सांगितलेले नसते.

काहीच उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईने नियमित औषध घेतले, बाळाला जन्मल्याबरोबर औषध मिळाले आणि पाजण्याचे नियम पाळले, तर स्तनपान धरूनही ती ५ टक्क्यांच्या खाली येते. गर्भधारणेच्या आधीपासून विषाणू दबलेला असेल तर त्याहूनही पुष्कळ खाली. भारतात १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभराचे उपचार सुरू करण्याचे धोरण आहे आणि औषध सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. तेव्हा अडचण औषधाची फारशी उरलेली नाही. एआरटी केंद्र आणि प्रसूती विभाग, सासर आणि माहेर, आईचे कागद आणि बाळाचे कागद यांच्यामधल्या फटींतून बाई निसटते, आणि हे लेखन मुख्यतः त्या फटी कशा बुजवाव्यात याविषयी आहे.

दिवस राहण्यापूर्वी

मूल हवे आहे हे एआरटी केंद्रात आधी सांगावे. लपवून दिवस गेल्यावर सांगणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात, कारण कोणीतरी रागावेल अशी त्यांना भीती असते. रागावण्याचा अधिकार तिथे कोणालाही नाही. सांगितल्याचा फायदा असा, की आपला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, शेवटचे केव्हा मोजले आणि किती आले हे त्याच वेळी पाहता येते. उपचार सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी ही तपासणी होते. दर मिलिलिटरमागे १,००० पेक्षा कमी आकडा आला तर विषाणू दबला आहे असे राष्ट्रीय कार्यक्रमात धरतात, आणि तो मोजता येण्याच्या पातळीखाली गेला असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. अहवाल जुना असेल तर नवी तपासणी मागून घ्यावी आणि किमान सहा महिने औषध न चुकता घेऊन मगच प्रयत्न सुरू करावेत.

पती-पत्नी दोघांनाही एचआयव्ही असेल तर दोघांचेही आकडे पाहावेत. पत्नीला आहे आणि पतीला नाही, अशा जोडप्याला आणखी निर्धास्त राहायचे असेल तर निरोधात जमा केलेले वीर्य सुई नसलेल्या सिरिंजने घरच्या घरी योनीत सोडण्याचा साधा मार्ग आहे. कृती समुपदेशकाकडून नीट समजून घ्यावी. पतीला आहे आणि पत्नीला नाही, तिथे पतीचा विषाणू दबेपर्यंत थांबणे हाच मुख्य उपाय होय. त्यानंतर पाळी २८ दिवसांची असेल तर साधारण दहाव्या ते सोळाव्या दिवसांपुरताच निरोध बाजूला ठेवावा आणि पत्नीने प्रतिबंधक औषध घ्यावे का, हे डॉक्टरांना विचारावे.

उपचार न घेणाऱ्या बाधित स्त्रियांमध्ये गर्भ राहण्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा कमी असते, हे आफ्रिकेतील अभ्यासांतून पूर्वीच दिसले आहे. वजन उतरणे, पाळी अनियमित होणे आणि गुप्तरोगांमुळे गर्भनलिकांना सूज येऊन त्या बंद होणे ही त्यामागची काही कारणे आहेत. आपल्याकडे त्यात गर्भाशयाच्या आणि नलिकांच्या क्षयरोगाची भर पडते. वर्षभर प्रयत्न करूनही, आणि वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, दिवस राहिले नाहीत तर दोघांचीही तपासणी करून घ्यावी. पतीची वीर्यतपासणी आधी व्हावी, कारण ती सर्वांत स्वस्त आणि सोपी असते; प्रत्यक्षात मात्र बाईच्या दोन सोनोग्राफ्या आणि तीन उपास झाल्यावर ती होते. एक गमतीचा घोटाळाही ध्यानात ठेवावा. वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या खासगी केंद्रांनाही इंग्रजी आद्याक्षरांमुळे 'एआरटी' केंद्रच म्हणतात, त्यामुळे रिक्षावाल्याला किंवा फोनवर नुसते 'एआरटी' सांगून भागत नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही याच काळात उरकावी, कारण एचआयव्ही असलेल्या स्त्रीला हा धोका सुमारे सहापट असतो. फोलिक ॲसिडची गोळी प्रयत्न सुरू करण्याआधीपासून घ्यावी. चालू असलेली एचआयव्हीची गोळी मात्र गर्भाच्या काळजीने स्वतःहून बंद करू नये. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर एकत्र असलेल्या सध्याच्या गोळीतील तिसऱ्या औषधाविषयी २०१८ मध्ये बोट्सवानातून बाळाच्या मज्जारज्जूतील दोषाची शंका पुढे आली होती. पुढे अधिक बाळंतपणांची नोंद हाती आल्यावर ती ओसरली आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर स्त्रियांसह सर्वांसाठी त्याच औषधाची शिफारस केली. जुनी बातमी मात्र अजूनही मोबाइलवर फिरत असते आणि ती वाचून गोळी थांबवलेल्या स्त्रिया भेटतात.

दिवस राहिल्यावर

नोंदणी बारा आठवड्यांच्या आत करावी. आशाताई किंवा आरोग्यसेविका नाव घालते, माता-बाल संरक्षण कार्ड मिळते आणि पहिल्याच भेटीत इतर तपासण्यांबरोबर एचआयव्हीची व गरमीची (सिफिलिसची) तपासणी होते. ही तपासणी संमतीनेच करायची असते. उपकेंद्रातील बोटाच्या थेंबावरची चाचणी केवळ प्राथमिक होय; तिच्यावर रेघ उमटली म्हणून निदान पक्के झाले असे नाही. आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयातील एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री केल्यावरच अहवाल देतात. तो बाधित आला तर औषध शक्य तितक्या लवकर, जमल्यास त्याच दिवशी सुरू करावे. "घरी विचारून पुढच्या महिन्यात येते" असे म्हणून गेलेली बाई कधीकधी थेट कळा सुरू झाल्यावरच पुन्हा दिसते.

पतीला कोण सांगणार, हा प्रश्न गोळीपेक्षा मोठा वाटतो. २०१७ चा एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार आपली माहिती संमतीवाचून उघड करता येत नाही. जोडीदाराला कळवण्याची मुभा डॉक्टर-समुपदेशकांना काही अटींवर असली, तरी त्यामुळे स्त्रीला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल तिथे त्यांनी कळवू नये असेही कायद्यात म्हटले आहे. अशी भीती असेल तर ती समुपदेशकाला स्पष्ट शब्दांत सांगावी आणि नोंदवून घ्यायला लावावी. भीती नसेल तर दोघांनी मिळून तपासणीला यावे. पतीचा अहवाल त्याच्यासमोरच निघाला की "तुझ्यामुळे झाले" हे वाक्य निम्म्या घरांत तरी उच्चारले जात नाही. याच कायद्यानुसार बाधित गरोदर स्त्रीचा गर्भपात किंवा नसबंदी तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. "आता हे मूल नकोच" असा सल्ला कोणी दिला तर तो केवळ सल्लाच आहे, हे लक्षात ठेवावे.

गोळ्यांच्या वेळा जुळवणे हे काम दिसते क्षुल्लक, पण चुकते तेच. गरोदरपणात लोहाची तांबडी गोळी आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. डोल्युटेग्रॅविर रिकाम्या पोटी यांच्याबरोबर पोटात गेले तर ते त्यांना चिकटते आणि रक्तात कमी उतरते. म्हणून एचआयव्हीची गोळी लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. भरल्या पोटी, जेवणाबरोबर घेतली तर एकत्र चालते. व्यवहारात बसणारा क्रम असा, की सकाळच्या न्याहारीनंतर कॅल्शियम, दुपारी जेवल्यावर लोह आणि रात्री नऊच्या सुमारास एचआयव्हीची गोळी. कॅल्शियमची दुसरी गोळी रात्रीच असेल तर दोन्ही पोटभर जेवणाबरोबर घ्याव्यात. जळजळीसाठी दुकानातून आणलेल्या पातळ औषधाला मात्र जेवणाची ही सवलत नाही, तिथे दोन आणि सहा तासांचे अंतर पाळावेच लागते. प्रसूती विभागातील डॉक्टर हे सांगतीलच असे नाही, कारण त्यांच्या कागदावर एचआयव्हीची गोळी लिहिलेली नसते. आणि एआरटी केंद्राच्या पुस्तकात लोहाची नसते. दोन्ही कागद दोन्हीकडे दाखवावेत.

प्रत्येक भेटीत चार प्रश्न स्वतःला विचारावेत. खोकला आहे का, ताप येतो का, वजन वाढायचे थांबले आहे का, रात्री घाम फुटतो का. यांपैकी एकालाही होकार असेल तर क्षयाची तपासणी मागावी. क्षयावरील रिफॅम्पिसिन सुरू झाले तर डोल्युटेग्रॅविरची मात्रा वाढवावी लागते, त्यामुळे एका ठिकाणचे औषध बदलले की दुसरीकडे कळवायला हवे.

माहेरी जाताना

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरली जाते, डोहाळजेवण होते आणि बाई दुसऱ्या तालुक्यात, कित्येकदा दुसऱ्या जिल्ह्यात जाते. नेमका याच सुमारास, बत्तीस ते छत्तीस आठवड्यांत, गरोदर स्त्रीचा व्हायरल लोड तपासायचा असतो. औषध नवे असो वा दहा वर्षांचे, ही तपासणी प्रत्येकीची व्हायला हवी, कारण बाळाला जन्मानंतर एक औषध द्यायचे की दोन हे तिच्यावरून ठरते. सासरच्या केंद्राला वाटते ती माहेरी करून घेईल, माहेरच्या केंद्राला तिचा पत्ताच नसतो. तपासणी झालीच नाही तर बाळ जास्त जोखमीचे समजले जाते आणि त्याला दोन औषधे द्यावी लागतात.

म्हणून निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे आधीच आपल्या केंद्रात सांगावे. थोड्या महिन्यांसाठी दुसऱ्या केंद्रातून औषध घेण्याची तात्पुरती सोय आहे. त्यासाठी नाव कायमचे हलवावे लागत नाही. माहेराजवळचे केंद्र कोणते ते विचारून घ्यावे आणि आपले एआरटीचे पुस्तक, शेवटचा व्हायरल लोडचा अहवाल व माता-बाल कार्ड सोबत न्यावे. बत्तीस आठवडे भरत आले असतील तर रक्त देऊनच निघावे. माहेरी पोचल्यावर कळांची वाट न पाहता एकदा तिथल्या प्रसूती विभागात जाऊन यावे.

बाटलीविषयी थोडे सांगायला हवे. तीस गोळ्यांची प्लास्टिकची बाटली खुळखुळते, आणि माहेरच्या एका खोलीत, चार माणसांत तो आवाज लपत नाही. मग बायका गोळ्या हळद-कुंकवाच्या डबीत किंवा कागदाच्या पुडीत काढून ठेवतात. दमट हवेत त्या खराब होतात. बाटलीवरचे नाव खरवडून काढावे, आतली ओल शोषणारी पुडी तशीच ठेवावी, वर स्वच्छ कापसाचा बोळा दाबावा; आवाज बंद होतो आणि गोळ्याही टिकतात. "थायरॉईडची गोळी आहे" हे उत्तर पुष्कळ जणींनी वर्षानुवर्षे चालवले आहे. खोटे बोलायला शिकवते म्हणून मला कोणी दोष दिला तर तो मान्य आहे, पण गोळी चुकण्यापेक्षा ते बरे. तरीही माहेरी एका तरी व्यक्तीला, आईला किंवा वहिनीला, खरे माहीत असणे फार उपयोगाचे ठरते.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांची अडचण याहून अवघड आहे, कारण त्यांचा मुक्काम फडाबरोबर हलतो. त्यांनी निघताना एकापेक्षा जास्त महिन्यांचे औषध मागून घ्यावे आणि ज्या कारखान्यावर जायचे त्याच्या तालुक्याचे नाव केंद्रात लिहून द्यावे.

बाळंतपणात

बाळंतपण दवाखान्यातच व्हावे. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करण्याची गरज नसते. इतर स्त्रियांना ज्या कारणांसाठी करतात त्याच कारणांसाठी ते करावे, असे राष्ट्रीय धोरण आहे. कळा चालू असतानाही रोजची गोळी ठरलेल्या वेळी घ्यायची. पाण्याची पिशवी विनाकारण फोडू नये, टाके पडतील असा छेद गरज नसताना देऊ नये, एवढे डॉक्टरांना माहीत असते. आपण त्यांना आपली स्थिती सांगितलेली असणे मात्र आवश्यक आहे. सरकारी रुग्णालयात १ जून २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, रक्त, औषधे, जेवण आणि ने-आण विनामूल्य आहे, आणि ते एचआयव्हीबाधित स्त्रीलाही तितकेच लागू आहे.

खासगी रुग्णालयात एचआयव्हीचे कारण देऊन प्रसूती नाकारणे बेकायदेशीर आहे. एका रुग्णालयात मी स्वतः एका बाळंतिणीच्या खाटेला लाल शाईचा कागद लावलेला पाहिला होता. तो काढायला लावण्यात अर्धा दिवस गेला आणि तोवर अख्ख्या वॉर्डाने तो वाचला होता. असे घडल्यास लेखी तक्रार द्यावी. वीस किंवा अधिक माणसे काम करतात अशा आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी असणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यावर राज्याचा लोकपाल आहे, आणि कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर १०९७ हा विनामूल्य क्रमांक फिरवावा.

बाळाचे औषध आणि अंगावरचे दूध

बाळाला नेव्हिरापिन हे एचआयव्हीविरोधी पातळ औषध जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करतात. अडीच किलोपेक्षा जास्त वजनाच्या बाळाला साधारणतः दिवसातून एकदा दीड मिलिलिटर, दोन ते अडीच किलोच्या बाळाला एक मिलिलिटर, आणि त्याहून लहान बाळाला वजनाच्या हिशेबाने ते देतात. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेले प्रमाणच पाळावे. कमी जोखमीच्या बाळाला सहा आठवडे एकच औषध पुरते. जास्त जोखमीचे बाळ अंगावर पीत असेल तर दोन औषधे बारा आठवड्यांपर्यंत चालतात. घरी जाण्यापूर्वी परिचारिकेसमोर स्वतः एकदा सिरिंज भरून दाखवावी, कारण घरी गेल्यावर बाटलीचे टोपण आणि चमचा यांच्यावर काम सुरू होते आणि मात्रा कमी-जास्त होते.

पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध द्यावे. वरचे दूध द्यायचे ठरवले असेल तर स्वच्छ पाणी, इंधन आणि डब्याचा खर्च पुरे सहा महिने परवडणार आहे याची खात्री करून निव्वळ तेच द्यावे. दोन्ही मिसळणे सर्वांत वाईट, कारण वरच्या अन्नाने आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि दुधातील विषाणूला वाट मिळते. इथे वैरी कोणी नसतो, माया करणारी आजी असते. जन्मल्याबरोबर मधाचे बोट, पाचवीच्या पूजेनंतर सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, उन्हाळ्यात दोन चमचे पाणी, पोट दुखले की ओव्याचा अर्क. हे सगळे 'वरचे'च. नकार देताना एचआयव्हीचा उल्लेख करण्याची गरज नाही, कारण सहा महिने निव्वळ अंगावर पाजा हा सल्ला सरकारी दवाखान्यात प्रत्येक बाळंतिणीला देतात. आशाताईला पाचवीच्या आधी घरी बोलवावे आणि ते आजीसमोर तिच्या तोंडून वदवावे. सुनेचे ऐकले नाही तरी आशाताईचे ऐकतात.

स्तनाग्राला चीर पडली किंवा गळू झाले तर त्या बाजूचे दूध पिळून टाकून द्यावे, दुसऱ्या बाजूने पाजावे आणि लगेच दाखवावे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करून स्तनपान चालू ठेवता येते, अर्थात आईची गोळी एकही दिवस चुकता कामा नये. बाळंतपणानंतरच्या जाग्रणात ती चुकते, हे सगळ्याच केंद्रांना माहीत आहे. म्हणून बाळाच्या औषधाची आणि आपल्या गोळीची वेळ एकच ठेवावी.

बाळाच्या तपासण्या

पहिली तपासणी सहा आठवड्यांनी, म्हणजे दीड महिन्याच्या लशीच्या वेळी. टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतात आणि वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात. यातही एक फट आहे. सव्वा महिना झाला की बाळबाळंतीण सासरी परतण्याची घाई सुरू होते, आणि सव्वा महिना ते दीड महिना या चार-पाच दिवसांत तपासणी राहून जाते. एक तर माहेरीच चार दिवस जास्त थांबावे, नाहीतर सासरच्या आयसीटीसीत तारीख आधीच ठरवून मग निघावे. याच वेळी बाळाला इतर जंतुसंसर्ग टाळणारे कोट्रायमॉक्साझोलचे औषध सुरू होते. पुढच्या तपासण्या सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात होतात, शिवाय दूध तोडल्यानंतर केंद्रात सांगतील तेव्हा एकदा. लसीकरण नेहमीच्याच कार्डाप्रमाणे चालू ठेवावे.

अधीर होऊन खासगी प्रयोगशाळेत बाळाची साधी एचआयव्ही चाचणी करू नये. आईची प्रतिपिंडे (अँटिबॉडीज), जी साधी चाचणी शोधते, बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या निरोगी बाळाचाही अहवाल 'बाधित' असा येतो आणि घरात रडारड होते. विषाणू शोधणारी तपासणीच अठरा महिन्यांपूर्वी ग्राह्य असते. तिच्यात बाळ बाधित आढळले तर उपचार त्याच आठवड्यात सुरू व्हावेत.

दोन बाळांत अंतर हवे असेल तर प्रसूतीनंतर लगेच तांबी बसवून घेता येते, तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शनही चालते. जुन्या एफाव्हिरेन्झ गोळीवर असलेल्यांनी मात्र हाताच्या कातडीखाली बसवल्या जाणाऱ्या गर्भनिरोधकावर विसंबू नये, कारण त्या गोळीमुळे त्याचा प्रभाव कमी होतो.

अठराव्या महिन्यात मोठ्या माणसांप्रमाणेच तीन चाचण्यांनी अंतिम अहवाल मिळतो. 'संसर्ग नाही' असे लिहिलेला तो कागद आनंदाने कपाटावर किंवा अंगणवाडीच्या फायलीत ठेवला जातो. दीड वर्षाच्या मुलाची ही तपासणी का झाली, एवढे त्यावरून वाचणाऱ्याला कळते. म्हणून तो आपल्या एआरटीच्या पुस्तकातच घडी घालून ठेवावा.